फक्त तुम्हाला दिसणाऱ्या जाहिराती

‘माझ्या गावाच्या कडेला सारखी आजारी माणसं का दिसतात?’ असा प्रश्न जंगमबाईंनी तक्रारींच्या पानावर टाकला, तेव्हा मी आणि इरफान दुपारचा डबा खात होतो. इरफाननं तो मोठ्यानं वाचला आणि हसला.

"साथ आली असेल गावात," तो म्हणाला. "मी तर खेळात तसलं काही टाकलेलं नाही."

मीही हसले. खरंच, त्या क्षणी ते गमतीचंच वाटलं होतं.

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. सांगलीत विश्रामबागेत एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या खोलीत बसून इरफान बागवान आणि मी ‘पटभिडू’ नावाची एक वेबसाइट चालवायचो. आम्ही दोघं कॉलेजात एका वर्गात होतो. मराठीतून कॉम्प्युटरवर खेळणाऱ्या पोरांना गप्पा मारायला, एकमेकांच्या युक्त्या विचारायला, भांडायला ती जागा होती. आणि इरफाननं स्वतः बनवलेला एक खेळ होता. त्यात प्रत्येकानं आपलं गाव वसवायचं. विहीर खणायची, पाट काढायचे, घरं बांधायची, पीक घ्यायचं. साईट चालवायचा खर्च जाहिरातींतून निघायचा. जाहिराती आम्ही निवडत नव्हतो. एक कंपनी त्या परस्पर पाठवायची आणि त्या खेळाच्या उजव्या कडेला उभ्या पट्टीत दिसायच्या.

सगळे सभासद सोळा ते पंचवीस वयाचे. अपवाद एकच, कराडच्या महानंदा जंगम. वय सत्तेचाळीस. मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला तेव्हा जाताना आईला खेळ शिकवून गेला होता. बाईंनी असं गाव वसवलं की इरफानसुद्धा कधीकधी नुसता बघत बसायचा. त्यांचा पाट कधी आटायचा नाही. नवीन पोरांनी काही विचारलं की त्या एखाद्या पदार्थाची कृती सांगावी तशा सविस्तर उत्तर द्यायच्या. ‘आधी विहिरीची जागा ठरव, घाई करू नकोस. घरं काय, मागाहून होतात.’ सगळे त्यांना नंदाकाकू म्हणायचे.

तक्रारींची उत्तरं द्यायचं काम माझं. जाहिरातींबद्दल तक्रार आली की टाकायला मी एक उत्तर तयारच करून ठेवलं होतं. तेच तिथं चिकटवलं. ‘जाहिराती आमच्याकडून ठरत नाहीत. आपल्या कॉम्प्युटरवर इंटरनेटवर जे शोधलं जातं, त्यावरून आपल्याला जाहिराती दाखवल्या जातात.’

पाच मिनिटांत पोरं सुरू झाली. ‘काकू, गुपचूप काय शोधता हो?’ ‘काकूंचं पितळ उघडं पडलं!’ ‘इंटरनेटला सगळं कळतं काकू, काका घरी नसताना जपून!’ खाली हसऱ्या तोंडांची रांग. त्या पानावर पंचही मीच होते. ते सगळं पुसायचा अधिकार माझ्याकडे होता. मी पुसलं नाही. उलट शेवटी मीही एक हसरं तोंड टाकलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला साईटच्या फोनवर फोन आला.

"मी कराडहून बोलतेय. महानंदा जंगम."

"काकू! बोला ना. मी तृप्ती, तक्रारींची उत्तरं मीच देते."

"तूच का ती? आवाजावरून अगदी लहान वाटतेस गं. मला एक नीट समजावून सांग. त्या जाहिराती सगळ्यांना दिसतात का?"

"नाही काकू. ज्याला त्याला वेगळ्या दिसतात. मला बुटांच्या दिसतात, इरफानला मोटरसायकलच्या."

"आणि मला?"

"तुम्हाला काय दिसतंय, वाचून दाखवा बघू."

त्यांनी चष्मा शोधल्याचा आवाज आला. मग त्या एकेक अक्षर लावत वाचू लागल्या. एका जाहिरातीत केस गेलेल्या बाईचा फोटो होता, खाली ‘चौथ्या स्टेजलाही आशा आहे, आजच फोन करा’. दुसरीत हॉस्पिटलातल्यासारखा पलंग भाड्यानं मिळेल. तिसरीत कुठल्याशा काढ्याची बाटली.

"इथं इंग्रजीत पॅनक्रियाज लिहिलंय. हे कुठं असतं गं?"

"पोटात. जठराच्या मागं असतं, स्वादुपिंड म्हणतात." शाळेत सर प्रश्न विचारतात आणि आपल्याला उत्तर येत असतं, तशी मी सांगून मोकळी झाले.

"जठराच्या मागं," त्या म्हणाल्या.

"काकू, यात घाबरण्यासारखं काही नाही. तुमच्या कॉम्प्युटरवर कुणीतरी या आजाराबद्दल वाचलं असणार. खूपदा वाचलं असणार, त्याशिवाय इतक्या येत नाहीत. ते त्या कंपनीला कळतं आणि मग ती तशाच जाहिराती मागे लावते."

"दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरवरचं चुकून माझ्याकडं आलं, असं होत नाही?"

"नाही. फक्त तुमच्याच. घरात दुसरं कोण वापरतं?"

"आम्ही दोघंच असतो घरात. मी आणि हे."

"मग काकांनी वाचलं असेल. कुणी ओळखीचं आजारी असेल."

मला वाटलं फोन कट झाला.

"काकू?"

"आहे, आहे. मी दुपारी जेवून झोपते ना, तेव्हा ते बसतात कॉम्प्युटरवर. मला वाटायचं क्रिकेट बघतात." मग त्या म्हणाल्या, "चांगलं समजावलंस बाळ. इतकं नीट मला कुणी सांगितलं नव्हतं."

फोन ठेवून मी इरफानला म्हटलं, "बघ, काकूंना दहा मिनिटांत अख्खं जाहिरातशास्त्र शिकवलं." मला त्या दिवशी स्वतःचं कौतुक वाटलं होतं, हे मी मुद्दाम सांगते. ते लपवलं तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

तीन दिवसांनी दुसरा फोन आला. पुरुषाचा आवाज होता, दबका, आणि मागे रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज.

"पटभिडू का? मी विलास जंगम. कराडच्या आयटीआयमध्ये शिकवतो. माझी बायको तुमच्याकडं खेळते."

"हो, नंदाकाकू. बोला ना सर."

"मॅडम, तुमच्या त्या पानावर कडेला जाहिराती येतात. त्या आजच्या आज बंद करा. मी काल तिच्या मागं उभा होतो, ती खेळत होती, आणि कडेला..." त्यांचा श्वास लागला होता. "तिचं ऑपरेशन झालं ऑगस्टमध्ये. पोट उघडलं आणि डॉक्टरांनी तसंच शिवलं. काही करता येण्यासारखं नाही म्हणाले. तिला आम्ही पित्ताशयाचे खडे काढले म्हणून सांगितलंय. पोराला माहीत आहे, तिच्या भावाला माहीत आहे. तिला कुणी सांगितलेलं नाही. ती फार मनाला लावून घेणारी आहे. तिला कळलं तर ती आहेत ते दिवससुद्धा काढणार नाही."

"मॅडम, ऐकताय ना?"

"हो सर."

"मीच वाचत होतो ते सगळं. कुठं काही औषध सापडतंय का म्हणून. मला काय माहीत ते असं तिच्यासमोर येऊन बसेल? तिनं पाहिलं असेल का हो? तुम्हाला तुमच्याकडून काही कळतं का, कुणी जाहिरात पाहिली, नाही पाहिली?"

खरं उत्तर माझ्या तोंडात होतं. ‘पाहिलं सर. आणि बाकीचं मी सांगितलं.’ एवढंच म्हणायचं होतं.

"नाही, तसं काही कळत नाही आम्हाला," मी म्हणाले. "खेळताना लोकांचं कडेला लक्ष नसतं. जाहिराती मी आत्ता बंद करायला लावते."

"उपकार होतील," ते म्हणाले. 

इरफाननं सगळं ऐकलं. त्यानं जाहिरातींच्या कंपनीला पत्र टाकलं. यंत्रानं लिहिलेलं उत्तर आलं, ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.’ मग त्यानं आमच्याच बाजूनं काहीतरी खटपट करून काकूंच्या खात्यापुरती ती पट्टी काढून टाकली. संध्याकाळी सरांना फोन करून त्यानं समजावलं की यापुढं वाचायचं तर मागमूस राहणार नाही असं कसं वाचायचं. मी तक्रारींच्या पानावरची ती सगळी थट्टा पुसली. माझं हसरं तोंडही पुसलं. त्यानं काय होणार होतं?

काकूंना फोन करायला मला दोन दिवस लागले. सर आयटीआयमध्ये असतील अशी वेळ साधून केला.

"काकू, मी तृप्ती. मला तुमची माफी मागायची आहे."

"म्हणजे यांनी तुला फोन केला वाटतं," त्या लगेच म्हणाल्या.

मला रडू फुटलं. त्या ऐकत राहिल्या, मला थांबवलं नाही. मग म्हणाल्या, "झालं? आता डोळे पूस. अगं, तू काय केलंस? खरं सांगितलंस. ऑपरेशननंतर माझ्याकडं येणारा प्रत्येक माणूस हसत यायचा. माझा भाऊ, जो कधी कुणाशी हसून बोलत नाही, तो सफरचंदं घेऊन हसत आला. तेव्हाच मला काहीतरी वेगळं वाटलं होतं. पण ज्याला विचारावं तो म्हणायचा, खडेच होते, मोठे होते. मला वाटायला लागलं, माझंच डोकं फिरलंय. तू सांगितलंस आणि मी निदान शहाणी ठरले."

"सरांना कळलंय का, तुम्हाला कळलंय ते?"

"नाही. आणि तूही सांगायचं नाहीस."

"पण काकू, ते एकटेच..."

"ते रोज सकाळी माझ्यासमोर बसून पुढच्या वर्षीचं बोलतात. पोराचं लग्न, गच्चीवर पत्रा घालायचा. काल म्हणाले, मार्चमध्ये बदामीला जाऊ. किती जोर लावून बोलतात बिचारे. मला कळलंय असं त्यांना समजलं, तर तेवढाही जोर उरायचा नाही त्यांच्यात. त्यांना वाटतंय ते मला सांभाळतायत. वाटू दे."

"तुम्ही दोघं एकमेकांशी बोललात तर बरं वाटेल, काकू."

"तुझं लग्न झालंय?"

"नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. एवढंच. त्यात चिडणं नव्हतं. "वचन दे मला, की सांगणार नाहीस."

मी वचन दिलं.

त्यानंतर आठवड्यातून एकदा मी फोन करायचे. आजाराचं बोलणं जवळजवळ नसायचंच. त्या गावाबद्दल बोलायच्या, खेळातल्या. कुठल्या पोरानं काय विचारलं, कोण उगाच शिव्या देतो. मधूनमधून सरांचा फोनही यायचा. "जाहिराती परत दिसत नाहीत ना तिला? नक्की ना?" मी म्हणायचे, नक्की. "हल्ली खुशीत असते," ते एकदा म्हणाले. "मला दही लावायला शिकवत होती काल. म्हणाली, पुरुषांनाही आलं पाहिजे." मी "छान" म्हणाले. दोघांचीही गुपितं माझ्याकडे होती आणि दोघंही माझ्यावर विसंबून होते. कधीकधी फोनची रिंग वाजली की या दोघांतलं कोण आहे हे कळेपर्यंत मी ‘हॅलो’च्या पुढं काही बोलायचे नाही.

इरफान म्हणायचा, "सांगून टाक सरांना." दुसऱ्या दिवशी तोच म्हणायचा, "नको, तिची इच्छा आहे." आम्ही दोघं पोरवयाचे. ज्याला विचारावं असं मोठं माणूस आम्हाला त्या वेळी सुचलं नाही.

डिसेंबरात काकूंचं खेळणं बंद पडलं. त्यांच्या गावातली पिकं वाळायला लागली तशी पोरं विचारू लागली, काकू कुठं आहेत? मी लिहिलं, गावाला गेल्यात. बारा जानेवारीला सरांचा निरोप आला. दोनच शब्द होते, ‘महानंदा गेली.’

मार्चमधल्या एका रखरखीत दुपारी जंगम सर न कळवता सांगलीला आले. जिना चढून दारात उभे राहिले. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं. उंच, पांढरा हाफ शर्ट, खिशाला पेन आणि छोटी मोजपट्टी. इरफान त्या दिवशी मिरजेला गेला होता.

पाणी दिलं. ते बसले. खोलीभर नजर फिरवून म्हणाले, "इथून चालायचं होय सगळं." मग बराच वेळ कॉम्प्युटरकडं बघत राहिले. बंगळूरला मुलाकडं राहायला चाललोय म्हणाले, जायच्या आधी भेटावंसं वाटलं.

"तुम्ही तिच्याशी फोनवर बोलायचात, हे मला नंतर कळलं. तिच्या मोबाईलवर तुमचे खूप फोन होते."

"हो सर. खेळाबद्दल बोलायचो."

"एक विचारायचं होतं." त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले. "तिला कळलं होतं का हो?"

हा प्रश्न कधीतरी येणार हे मला माहीत होतं. उत्तरही तयार होतं, जसं तक्रारींना असायचं.

"नाही सर," मी म्हणाले. "शेवटपर्यंत नाही. त्या कायम पुढच्या वर्षीचंच बोलायच्या."

त्यांचा चेहरा सैल होईल असं मला वाटलं होतं. निदान एकदा ‘बरं झालं’ म्हणतील. पण तो चेहरा माझ्यासमोर मिटत गेला.

"असं," ते म्हणाले. "मला उगाच आशा होती. वाटायचं, तिला कळलं असेल, आणि ती मला कळू देत नसेल. तशी होती ती. म्हणजे मग आम्ही दोघं निदान एकाच गोष्टीत होतो असं झालं असतं." त्यांनी पेला खाली ठेवला. "नाही ना, मग ती एकटीच खोट्यात राहून गेली. सव्वीस वर्षं तिनं माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला आणि शेवटचे पाच महिने मी तिला फसवलं. तिला कुणाला काही सांगायचं असेल, कुठं जायचं असेल. मी तिला ते करूच दिलं नाही."

ते उठले, दारात चपला घातल्या, आणि "येतो ताई" म्हणून जिना उतरू लागले.

मी तशीच उभी होते. मेलेल्या माणसाला दिलेलं वचन. ते मोडलं तर विचारायला कोण येणार, आणि पाळलं तर कुणाला त्याचं काय? मला अजूनही नक्की माहीत नाही की मी बरोबर केलं. मी अनवाणीच जिन्यावरून धावले. ते खाली झेरॉक्सच्या दुकानापाशी पोचले होते.

"सर! त्यांना माहीत होतं."

ते वळले.

"मीच सांगितलं. मला कळत नव्हतं मी काय सांगतेय. सप्टेंबरात. जाहिराती का दिसतात म्हणून त्यांनी विचारलं, मी समजावलं, आणि त्यावरून त्यांना समजलं. तुम्ही मला पहिला फोन केलात, त्याच्या तीन दिवस आधी. तुम्हाला सांगायचं नाही असं वचन घेतलं होतं माझ्याकडून. म्हणाल्या, तुम्हाला वाटतंय तुम्ही त्यांना सांभाळताय, तर वाटू दे."

दुकानातलं यंत्र घरघरत होतं, एक मुलगी नोट्सच्या प्रती मोजून घेत होती. सर हळूच दुकानाच्या पायरीवर बसले. खिशातला रुमाल काढला, पण वापरला नाही. माझ्यावर चिडतील असं वाटत होतं. चिडावं असंही वाटत होतं. मी शेजारी बसले. ऊन आमच्या पायांपर्यंत आलं होतं.

"सप्टेंबर," ते म्हणाले. मनातल्या मनात ते एकेक दिवस उलटून बघत असावेत.

"एकदा जेवताना तिनं विचारलं होतं," शेवटी ते बोलले. "दिवाळीनंतर असेल. ताटावरून वर बघितलं आणि म्हणाली, तुम्हाला मला काही सांगायचंय का? मला वाटलं, आता सापडलो. घाईघाईनं म्हणालो, हो, भाजीत मीठ कमी आहे. ती उठली. तिला तेव्हा उठवत नव्हतं, भिंतीला धरून गेली आणि मिठाचा डबा घेऊन आली. माझ्या ताटात मीठ वाढलं आणि बसली."

रुमालाची घडी त्यांनी मोडली, परत घातली.

"मीठ बरोबर होतं हो," ते म्हणाले.